देवांची नग्नता आणि राक्षसाची हाडे : विणकर जातिपुराणांचे एक वाचन

१

जातींच्या उत्पत्तिकथांकडे मराठी समीक्षेने साहित्यसंहिता म्हणून क्वचितच पाहिले आहे. या कथा इतिहासकार, समाजशास्त्रज्ञ आणि त्या त्या ज्ञातीचे स्वतःचे लेखक यांच्यावर सोपवून समीक्षा मोकळी झाली. इतिहासकाराला त्यांत पुरावा सापडत नाही, म्हणून तो त्या बाजूला ठेवतो. एम. एन. श्रीनिवास यांच्या १९५२ मधील कूर्गविषयक ग्रंथानंतर समाजशास्त्रज्ञाला त्यांत संस्कृतीकरणाचा नमुना दिसतो. ज्ञातीच्या लेखकाला त्यांत आपली वंशावळ दिसते. तिघांचे निष्कर्ष भिन्न असले तरी एका गोष्टीवर त्यांचे मूक एकमत आहे: कथेचा अर्थ तिच्यातील कुलाच्या दाव्यात आहे. ऋषी किंवा देव हा मूळपुरुष एकदा नोंदवला की पुढचे सारे अलंकरण ठरते.

प्रस्तुत लेखाची भूमिका याच्या विरोधी आहे. विणकर जातींच्या पुराणकथांत कुलाचा दावा ही चौकट आहे. कथेचा गाभा सूत, माग आणि वस्त्र यांच्या वृत्तान्तात आहे. हा गाभा वाचला तर दोन गोष्टी हाती लागतात. विणकर समाजाला स्वतःच्या श्रमाविषयी काय ठाऊक होते, हे कळते. आणि त्या श्रमातील कोणता भाग सांगायचा नाही असे कथेने ठरवले, हेही कळते.

या वाचनासाठी मराठवाड्याइतकी योग्य भूमी दुसरी नाही. साळी परंपरेत ज्या पैठणला विशेष स्थान आहे, ते औरंगाबादपासून (आजच्या छत्रपती संभाजीनगरपासून) सुमारे ५० किलोमीटरवर आहे. पैठणी या वस्त्राने गावाचेच नाव धारण केले आहे. खुद्द शहरात हिमरू आणि मशरू विणणाऱ्यांची परंपरा आहे. शहराच्या पश्चिमेला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, आणि त्या छावणीच्या काळातच या प्रदेशातील जातींची पद्धतशीर नोंद सुरू झाली. १८८४ मध्ये निजाम सरकारसाठी औरंगाबादचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. १९२० मध्ये सय्यद सिराज उल हसन यांचा निजामाच्या राज्यातील जातिजमातींवरचा ग्रंथ निघाला. विणकरांच्या अनेक कथा आज आपल्याला अशाच प्रशासकीय नोंदींतून वाचाव्या लागतात. कथा सांगणारा वेगळा, लिहून घेणारा वेगळा आणि तिचा उपयोग करणारा तिसराच, ही परिस्थिती वाचकाने सतत ध्यानात ठेवली पाहिजे.

२

पुराणकथेकडे वळण्यापूर्वी विणकर अन्य प्रकारच्या संहितांत कसा दिसतो, ते पाहणे उपयुक्त ठरेल.

नाशिकच्या १० क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे लेखातील शब्दांत कोलिकनिकायांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवली. २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. पहिल्या रकमेच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणे चीवरासाठी मिळावयाची होती. हिशेब करून पाहिला तर वर्षाचे २४० बरोबर जुळतात. या लेखातील विणकराला पूर्वज नाही, ऋषी नाही, गोत्र नाही. त्याच्यापाशी पत आहे. मुद्दल परत घ्यायचे नाही, ते पिढ्यान्पिढ्या त्याच्याकडेच राहील, एवढा राजकुलाचा त्याच्यावर विश्वास आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील विणकर निराळा आहे. दहा पल सूत घेणाऱ्या तंतुवायाने अकरा पल वजनाचे कापड परत केले पाहिजे, अन्यथा त्याला बारा पणांचा दंड, असा तेथे नियम आहे. भाष्यकार कारण सांगतात ते खळीचे: ताण्याला भाताची पेज लावली जाते, म्हणून वजन वाढते. स्मृतिकाराला मागाची प्रक्रिया इतक्या बारकाईने ठाऊक आहे, आणि हे ज्ञान त्याने विणकरावर संशय घेण्यासाठी वापरले आहे. उषवदाताच्या लेखातील विश्वासू सावकार येथे संभाव्य चोर झाला आहे.

तिसरी संहिता मंदसोरची. लाट देशातून दशपुरास आलेल्या रेशीम विणकरांच्या श्रेणीने मालव संवत् ४९३ मध्ये (इ. स. ४३६–३७) सूर्यमंदिर बांधले आणि संवत् ५२९ मध्ये (इ. स. ४७३) त्याची दुरुस्ती केली. त्या प्रसंगी वत्सभट्टीने रचलेली प्रशस्ती हे संस्कृत काव्याच्या इतिहासातील एक महत्त्वाचे साधन आहे. तिच्यात श्रेणीने स्वतःची कथा सांगितली आहे, आणि ती स्थलांतराची कथा आहे. आपण कोठून आलो, कोणत्या राजाच्या गुणांनी आकृष्ट झालो, आपल्यापैकी काहींनी धनुर्विद्या, काहींनी ज्योतिष कसे स्वीकारले, हे त्यात आहे. रूपयौवन आणि अलंकार असूनही रेशमी वस्त्रांची जोडी नेसल्यावाचून स्त्री प्रियकराकडे जात नाही, असे सांगून कवीने श्रेणीच्या मालाची जाहिरातही करून टाकली आहे. दिव्य उत्पत्तीची गरज या श्रेणीला भासलेली नाही. एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवावी: विणकरांनी मंदिर बांधले ते सूर्याचे.

पत, संशय आणि स्थलांतर अशा तीन भूमिका येथे दिसतात. जातिपुराण चौथी भूमिका घेऊन येते, आणि ती या तिन्हींहून धाडसी आहे. देवांनाच विणकराची गरज होती, असे ते म्हणते.

३

आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात कोष्ट्यांची एक कथा नोंदवली आहे. तिचा सारांश असा: देव नग्न होते. त्यांची नग्नता झाकण्यासाठी मार्कंडेय ऋषीने कमळाच्या तंतूंपासून प्रथम वस्त्र विणले. बक्षीस म्हणून त्याला सूर्याची कन्या मिळाली आणि आंदण म्हणून भवानी नावाचा एक राक्षस व एक वाघ. राक्षस आज्ञा मानीना, तेव्हा मार्कंडेयाने त्याला ठार मारले आणि त्याच्या हाडांपासून पहिला माग बनवला. वाघ मात्र आज्ञाधारक राहिला. म्हणून आजही जंगलात कोष्ट्याला वाघ भेटला आणि त्याने मार्कंडेयाचे नाव घेतले, तर वाघ वाट सोडतो.

कथा लहान आहे, पण तिच्या रचनेत एकही दुवा सैल नाही. प्रारंभीचे विधान पाहावे. देव नग्न होते याचा अर्थ विणकराच्या आधीची सृष्टी अपुरी होती. वेदवाङ्मयात विणण्याची प्रतिमा अपरिचित नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (१०.१३०) यज्ञ हे ताणून विणलेले वस्त्र आहे, अथर्ववेदाच्या स्कंभसूक्तात (१०.७) दोन तरुणी सहा खुंट्यांवर वस्त्र विणतात, महाभारताच्या पौष्यपर्वात उत्तंकाला नागलोकी काळ्यापांढऱ्या धाग्यांनी विणणाऱ्या दोन स्त्रिया दिसतात. परंतु या सर्व ठिकाणी विणणे हे उपमान आहे. यज्ञ किंवा काळ समजावा म्हणून मागाला पाचारण केले आहे. काम झाल्यावर माग निघून जातो. कोष्ट्यांच्या कथेत माग कशाचीही उपमा नाही. त्यावर खरोखरीचे कापड निघते आणि ते देवांच्या अंगावर चढते. उच्च परंपरेने ज्या श्रमाची प्रतिमा करून टाकली, तो श्रम लोककथेने पुन्हा श्रम म्हणून मांडला आहे.

आता राक्षस. संस्कृतीकरणाच्या चौकटीत या राक्षसाला जागा नाही. ऋषिकुलाचा दावा करण्यासाठी पहिला माग ऋषीने तपोबलाने निर्माण केला, एवढे पुरेसे झाले असते. कथा तसे म्हणत नाही. आंदण आलेला, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा, एक बलदंड देह. त्याचा गुन्हा एकच, आज्ञाभंग. त्याला शिक्षा मृत्यूची. आणि त्याच्या मृत देहाचे साधन. जिवंतपणी जे बल हुकूम मानीत नव्हते, ते हाडांच्या रूपात पावडीच्या तालावर हलू लागले. मृत श्रम जिवंत श्रमावर स्वार होतो, हे मार्क्सचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. येथे ते अक्षरशः कथानकाच्या रूपात आले आहे. मात्र हा माग मार्कंडेयाच्या वंशजांचा आहे, राक्षसाच्या नव्हे. कथा मारणाऱ्याच्या बाजूने सांगितली आहे आणि मारल्याची गोष्ट तिने लपवलेली नाही. मागावर बसणारा माणूस कोणाच्या तरी हाडांवर बसला आहे, हे ज्ञान या कथेने जपले आहे.

वाघाचा तपशीलही सजावटीचा नाही. पूर्व विदर्भातील कोष्टी ज्या कोशाच्या रेशमासाठी ओळखले जातात, तो कोसा जंगलातील झाडांवरून येतो. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी, आंधळगाव ही कोसा विणणारी गावे जंगलावर अवलंबून होती. राक्षस हे मानवी श्रमबल आणि वाघ हे अरण्य असे मानले तर आंदणाच्या दोन वस्तू म्हणजे उत्पादनाच्या दोन अटी ठरतात. एकीला मारून वश करावे लागले, दुसरीशी करार झाला. नाव घेतले की वाघ वाट सोडतो, ही त्या कराराची भाषा आहे.

४

लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९५५ मधील आपल्या निबंधात म्हटले आहे की मिथकाची 'खरी' आवृत्ती शोधू नये. सर्व आवृत्त्या मिळून मिथक बनते. विणकर जातींच्या कथा या दृष्टीने शेजारी शेजारी ठेवल्या की त्यांच्यातील देवघेव दिसू लागते.

पद्मशाली परंपरेतही मार्कंडेय आहे, कमलतंतू आहेत, सूर्यकन्या आहे. परंतु येथे विणणारा आहे तो मार्कंडेयाच्या यज्ञातून प्रकटलेला भावना ऋषी, आणि सूर्यकन्या भद्रावती ही त्याची पत्नी. कोष्टी कथेतील भवानी आणि पद्मशाली कथेतील भावना या नावांचे साम्य लक्षणीय आहे. एका सांगण्यात ज्याच्या हाडांचा माग झाला, जवळपास त्याच नावाचा पुरुष दुसऱ्या सांगण्यात मूळपुरुष आणि पूज्य ऋषी आहे. यांपैकी आधीचे कोणते, हा प्रश्न या वाचनाला आवश्यक नाही. साधन आणि पूर्वज, मारला गेलेला सेवक आणि वंदनीय ऋषी या दोन जागांमध्ये हे नाव फिरते, एवढेच महत्त्वाचे. सोलापुरात नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो. त्या शहरात कारखान्याचा मालक आणि मागावर बसणारा कामगार हे अनेकदा एकाच जातीतले. एकाच मूळपुरुषाची ही दोन नाती तेथे एकाच रथामागून चालतात.

देवांग कोष्ट्यांच्या कथेत हिंसा दुसऱ्या ठिकाणी गेली आहे. देवल विष्णूच्या नाभिकमळातून तंतू घेऊन निघतो. वाटेत असुर अडवतात. चौंडेश्वरी प्रकट होऊन त्यांचा संहार करते आणि त्यांच्या रक्तात सूत रंगते. कोष्टी कथेत मृत देहातून माग आला, येथे मृत देहातून रंग आला. देवांगांनी कानडी वीरशैव परंपरेतील विणकर वचनकार दासिमय्या यालाही देवलाच्या अवतारांत स्थान दिले आहे. पुराणपुरुष आणि ऐतिहासिक कवी यांना एकाच धाग्यात ओवण्याची ही रीत साहित्याच्या अभ्यासकाने विशेष पाहण्यासारखी आहे.

स्वकुळ साळी समाजाचा मूळपुरुष जिव्हेश्वर हा शिवाच्या जिभेतून प्रकटला, अशी श्रद्धा आहे. श्रावण शुद्ध त्रयोदशीला त्याची जयंती साजरी होते. ही कथा पुरुषसूक्ताला दिलेले सूक्ष्म उत्तर म्हणून वाचता येते. पुरुषसूक्ताने मुख आणि पाय यांची उतरंड मांडली. साळ्यांची कथा पुरुषाऐवजी शिवाकडे जाते आणि मुखाच्याही आत शिरून जीभ निवडते. जीभ म्हणजे वाणी. विणणे आणि बोलणे यांचे नाते भाषेत मुळातच आहे: सूत्र, तंत्र, प्रबंध हे आपले ग्रंथवाचक शब्द धाग्याशी, मागाशी आणि बांधणीशी निगडित आहेत. तंतू आणि संतती हे दोन्ही शब्द 'तन्' म्हणजे ताणणे या एकाच धातूचे. मराठीतला ताणाही त्याच कुळातला. वंशाची कथा सांगणे म्हणजे ताणा लावणे, ही जाणीव शब्दांच्या पोटात आधीपासून होती. जिव्हेश्वराच्या कथेने तिला देह दिला.

या सर्व आवृत्त्यांत एक समान सूत्र आहे: विणकर देवांचे देणे लागत नाही, देव विणकराचे देणे लागतात. ग्रीक परंपरेतील अरॅक्नीने देवीशी विणकामात स्पर्धा केली आणि तिचा कोळी झाला. आपल्या विणकराला सूर्याची कन्या मिळते. उत्तर भारतातील अन्सारी विणकरांच्या परंपरेत आदमाला जिब्राईलने विणकाम शिकवले असे सांगितले जाते. तेथेही आरंभ नग्नतेपासूनच आहे. धर्म बदलला, देव आणि देवदूत बदलले, पण वस्त्रावाचून पावित्र्य पुरे होत नाही हा विणकराचा आग्रह बदलला नाही. हिमरू विणणारा आणि पैठणी विणणारा यांच्यामध्ये जो पूल इतिहासकार बाजारपेठेत शोधतो, तो या कथांच्या पहिल्या वाक्यातही आहे.

५

येथवरच्या वाचनावर आक्षेप घेतला जाईल की हे श्रमाचे गौरवीकरण आहे. म्हणून या कथांनी काय गाळले आहे, तेही पाहिले पाहिजे.

कमळाच्या देठातून निघणारा तंतू तयारच असतो. त्याला पिंजावे लागत नाही, कातावे लागत नाही. मार्कंडेय असो, भावना असो वा देवल असो, सूत त्यांच्या हाती आयते येते. आता विणकराच्या घरातले काम आठवावे. सूत उकलणे, रहाटावर कांड्या भरणे, खळ करणे, ताणा पसरताना एक टोक धरणे, ही कामे प्रामुख्याने घरातील स्त्रिया आणि मुले करीत आली आहेत. एका धोट्याला पुरेल एवढे सूत तयार करण्यासाठी किती हात लागतात, हे विणकराइतके कोणाला ठाऊक? तरीही त्याच्या पुराणात हे हात नाहीत. कमलतंतूची कल्पना सुंदर आहे, पवित्र आहे, आणि ती कातणाऱ्यांना कथेतून वगळण्याची युक्तीही आहे. स्त्री कथेत येते ती सूर्यकन्या म्हणून, वस्त्र विणून झाल्यावर, बक्षीस म्हणून. ज्या आंदणात राक्षस आणि वाघ मोजले गेले, ते तिच्याबरोबर आले. तिने मागाला हात लावल्याचे या सारांशात कोठेही नाही.

राक्षसाची हाडे कथेने उघड दाखवली, स्त्रीचे हात मात्र झाकले. एका श्रमाची हिंसा तिला बोलून दाखवता आली, दुसऱ्या श्रमाचे अस्तित्वच तिला मान्य करता आले नाही. अथर्ववेदात आणि पौष्यपर्वात विणणाऱ्या आहेत त्या स्त्रिया, हे येथे पुन्हा आठवावे. उपमेत स्त्री विणू शकते. व्यवसाय जातीचा आणि वारशाचा झाला की विणणारा पुरुष होतो.

६

या कथांचा प्रश्न ग्रंथालयापुरता उरलेला नाही. १९०१ च्या जनगणनेत रिझ्ली यांनी जातींची सामाजिक श्रेष्ठतेनुसार क्रमवारी लावण्याचे ठरवले, तेव्हापासून उत्पत्तिकथेचा वापर अर्ज म्हणून होऊ लागला. सरकारदरबारी सादर करण्याच्या कथेत राक्षसाच्या हाडांचा उपयोग नव्हता. उपयोग होता तो ऋषीच्या नावाचा. संस्कृतीकरणाचा सिद्धान्त ज्या कथांवर उभा राहिला, त्यांतल्या पुष्कळशा अशा अर्जांच्या आकारात कापलेल्या होत्या. चौकट तेवढी पुढे आली, म्हणून अभ्यासकालाही चौकट तेवढी दिसली.

शतकाच्या दुसऱ्या टोकाला हाच प्रश्न उलट दिशेने आला. विदर्भातील हलबा-कोष्टी समाजाने आपण हलबा या अनुसूचित जमातीचाच भाग आहोत असा दावा दीर्घकाळ केला. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००० रोजी निकाल दिला की राष्ट्रपतींच्या आदेशातील नोंद जशी आहे तशीच वाचली पाहिजे. एखादा समूह नोंदीत अंतर्भूत आहे हे दाखवण्यासाठी बाहेरचा पुरावा घेऊन तिचा विस्तार करता येणार नाही, आणि 'हलबा' या नोंदीत हलबा-कोष्टी येत नाहीत. त्या निकालाच्या कायदेशीर बाजूची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. समीक्षेच्या दृष्टीने त्यातून पुढे येणारा प्रश्न संहितेच्या वाचनाचा आहे. कायद्याची संहिता एका नावाला एकच अर्थ देते, आणि तिच्यापुरते ते आवश्यकही आहे. कथा तसे करीत नाही. विदर्भातील कोष्ट्यांच्या ज्या कथेत मूळपुरुष ऋषी आहे, त्याच कथेत जंगलातला वाघ कोष्ट्याला आपला मानतो. वर ऋषिकुलाकडे आणि बाजूला अरण्याकडे अशी दोन नाती ती एकाच वेळी सांभाळते. १९०१ च्या जगात पहिल्या नात्याला किंमत होती, नंतरच्या जगात दुसऱ्याला. समाजाला प्रत्येक वेळी कथेचा अर्धा भाग घेऊन दारात उभे राहावे लागले.

देशीवादाच्या चर्चेत आपल्या परंपरेतील वाङ्मयप्रकार आपल्याच निकषांनी तपासावेत, असा आग्रह धरला गेला. तो योग्य आहे. पण जातिपुराणाच्या बाबतीत देशीपणाचा नुसता अभिमान अपुरा पडतो. हा वाङ्मयप्रकार एकाच वेळी श्रमाचे ज्ञान सांगतो आणि श्रमाची विभागणी झाकतो, अन्यायाला उत्तर देतो आणि स्वतःचा अन्याय पुढे चालवतो. त्याचे वाचन करताना कुलाच्या दाव्यापाशी न थांबता तीन गोष्टी विचाराव्यात: या कथेत साधन कोठून येते, कच्चा माल कोणाच्या हातून येतो, आणि तयार वस्तू कोणाची गरज भागवते. कुंभार, सोनार, तेली, लोहार यांच्या पुराणांनाही हे प्रश्न लावून पाहण्यासारखे आहेत. मराठवाड्यातील आणि विदर्भातील विणकर वस्त्यांत या कथा आजही सांगितल्या जातात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी त्या केवळ पूर्वजांच्या नावासाठी टिपून घेऊ नयेत. मागाचा कोणता भाग कोणत्या हाडाचा मानला जातो, ताणा लावताना कोणाचे नाव घेतले जाते, आणि कांड्या भरणाऱ्या बाईला हीच कथा सांगायला सांगितली तर ती कोठून सुरुवात करते, हेही विचारावे. तिच्या तोंडची आवृत्ती रसेल-हिरालालांच्या पानावर नाही. मिथक सर्व आवृत्त्यांचे मिळून बनते हे खरे असेल, तर तिच्यावाचून विणकरांचे पुराण अजून अपुरे आहे.